पुन्हा चढाला लागलेली गाडी

2017 च्या जुलै महिन्यात दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेची सोनादा आणि गयाबाडी ही दोन स्थानकं आगीत जळाली. पहाडात तेव्हा बेमुदत बंद चालू होता. दुकानं, हॉटेलं, शाळा, चहाचे मळे सगळं ठप्प होतं. इंटरनेट तोडलेलं होतं. जूनमध्ये मिळेल त्या वाहनाने सिलिगुडीकडे उतरलेले पर्यटक परत येण्याची काही चिन्हं नव्हती. जळालेली दोन्ही स्थानकं लहान, पण ज्या मार्गावर ती उभी होती तो 136 वर्षं जुना होता आणि 1999 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत होता.

दार्जिलिंगचं पर्यटन त्या बंदनंतर कसं सावरलं हे सांगताना बहुतेक जण हॉटेलांच्या भरलेल्या खोल्यांकडे बोट दाखवतात. खोल्या भरल्या, हे खरंच आहे. पण एखादं गाव खऱ्या अर्थाने सावरलं की नाही, हे तिथल्या जुन्या संस्थेच्या तब्येतीवरून जास्त नीट कळतं. दार्जिलिंगमध्ये ती संस्था म्हणजे दार्जिलिंग हिमालयन रेल्वे. पहाडातली प्रत्येक उलथापालथ तिने अंगावर झेलली आहे. दरडींनी तिला थांबवलं, भूकंपाने थांबवलं आणि माणसांनीही थांबवलं. दरड उपसता येते. माणसांनी थांबवलेली गाडी पुन्हा सुरू करणं वेगळं काम आहे, आणि ते अजून पुरतं झालेलं नाही, असं माझं मत आहे.

सुरुवात पर्यटनासाठी झालीच नव्हती. 1878 मध्ये कलकत्त्याकडून येणारे रूळ सिलिगुडीपर्यंत पोचले. पुढची चढण हिल कार्ट रोडवरून बैलगाड्या आणि टांगे यांच्या भरवशावर. सिलिगुडीत मिळणारा तांदूळ दार्जिलिंगला पोचेपर्यंत दुपटीहून महाग व्हायचा, आणि पहाडातला चहा खाली आणायचा खर्चही तसाच. ईस्टर्न बेंगाल रेल्वेचे एजंट फ्रँकलिन प्रेस्टेज यांनी हा हिशेब मांडला आणि त्याच कार्ट रोडच्या कडेने वाफेची ट्राम नेण्याची योजना बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर ॲशली ईडन यांच्यापुढे ठेवली. 1879 मध्ये काम सुरू झालं. ऑगस्ट 1880 मध्ये गाडी कर्सियांगला पोचली आणि जुलै 1881 मध्ये दार्जिलिंगला. सव्वादोन वर्षांच्या आत, दोन हजार मीटरहून जास्त उंचीवर, आणि एकही बोगदा न खोदता.

बोगदा नाही, मग गाडी चढते कशी? रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. त्यामुळे वळण फार लहान घेता येतं. जिथे चढ जास्त झाला तिथे गाडी स्वतःभोवती फिरून आपल्याच रुळांवरून पलीकडे जाते, आणि जिथे तेवढीही जागा नाही तिथे ती पुढे जाते, थांबते, मागे रेटत वरच्या टप्प्यावर चढते आणि पुन्हा पुढे निघते. असे मागे रेटण्याचे सहा टप्पे या मार्गावर आहेत. घूमला गाडी 2,258 मीटरवर पोचते. भारतातलं हे सर्वांत उंच रेल्वे स्थानक. तिथून दार्जिलिंगकडे उतार लागतो, आणि हा उतार आवाक्यात आणण्यासाठी 1919 मध्ये बतासियाचं वळण बांधलं गेलं. माथेरानची आपली गाडी हिच्या पाठोपाठ, 1907 मध्ये, आदमजी पीरभॉय घराण्याच्या पैशातून आणि जिद्दीतून उभी राहिली. तिचेही रूळ दोन फुटांचेच, आणि आज दोन्हीकडे एकाच जातीची डिझेल इंजिनं धावतात. नेरळहून डोंगर चढलेल्या माणसाला दार्जिलिंगची गाडी परकी वाटत नाही, ती यामुळे.

वाफेच्या इंजिनाची माणसं मोजली तर ही गाडी किती हातांवर चालते ते कळतं. चालक आणि आगवाला तर असतातच. शिवाय कोळसा फोडणारा एक जण, आणि इंजिनाच्या अगदी पुढच्या बाजूला बसून ओल्या रुळांवर वाळू टाकणारी दोन माणसं. चाक घसरू नये म्हणून ही वाळू. धुकं, पाऊस, बोचरी थंडी, काहीही असो, ती दोघं उघड्यावर बसलेली. खाली तिनधरियाच्या कारखान्यात या इंजिनांचे भाग आजही घडवले जातात, कारण शंभर वर्षं जुन्या इंजिनाचा सुटा भाग कुठल्याही बाजारात मिळत नाही. ही कारागिरी पुस्तकात कुठे लिहून ठेवलेली नाही. ती एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे हाताने गेली आहे. कारखाना काही वर्षं बंद राहिला तर इमारत परत उभी करता येईल. ते हात परत आणता येणार नाहीत.

पहिल्या पन्नास-साठ वर्षांत ही गाडी पहाडाच्या रोजच्या जगण्याचा भाग झाली. 1909-10 या एका वर्षात तिने 1,74,000 प्रवासी आणि 47,000 टन माल वाहिला. वर तांदूळ, मीठ, कापड, कोळसा. खाली चहा. टपाल, शाळेला निघालेली मुलं, सुट्टीवर आलेले गुरखा सैनिक, साहेब, मजूर, सगळे एकाच गाडीत, वेगवेगळ्या दर्जाच्या डब्यांत. मार्क ट्वेन 1896 मध्ये या मार्गावरून गेला. 1946 च्या सप्टेंबरात दार्जिलिंगला निघालेल्या मदर तेरेसांना गरिबांसाठी कॉन्व्हेंट सोडण्याची हाक याच प्रवासात ऐकू आली, असं त्या सांगत. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना घूम आणि दार्जिलिंगच्या छावण्यांत नेण्यासाठी रुग्णगाड्या धावल्या. 1934 च्या बिहार-नेपाळ भूकंपात दार्जिलिंगच्या इमारती कोसळल्या, रेल्वेलाही मार बसला, आणि तरी डागडुजी करून पुनर्बांधणीचं सामान वर चढवण्याचं काम याच गाडीने केलं.

स्वातंत्र्यानंतर, ऑक्टोबर 1948 मध्ये, सरकारने कंपनी विकत घेतली. फाळणीने कलकत्त्याचा सरळ मार्ग तुटला होता. 1950 च्या पुरात तिस्ता खोऱ्यातली तिची शाखा वाहून गेली आणि पुन्हा बांधलीच गेली नाही. मधल्या काळात कार्ट रोड रुंद झाला, जीपगाड्या आल्या. जीप तीन तासांत पोचते, गाडीला सात-आठ तास लागतात. या स्पर्धेत गाडी टिकणं शक्यच नव्हतं. टपाल रस्त्यावर गेलं, मग चहा आणि धान्यही गेलं. शेवटी तिच्या वाट्याला उरले पर्यटक, रेल्वेचे शौकीन आणि काही काळ कर्सियांग ते दार्जिलिंग जाणारी शाळकरी मुलं.

गाडीचं पुढचं सगळं भवितव्य या बदलात ठरलं, असं मला वाटतं. ज्या गाडीतून आपला तांदूळ येतो, आपली मुलं शाळेत जातात, ती गाडी आपली असते. तांदूळ आणि मुलं तिच्यातून उतरली की ती सरकारची होते, आणि पाहुण्यांची.

1980 च्या दशकात पहाड पेटला. पहाडातल्या नेपाळीभाषकांची वेगळ्या प्रशासनाची मागणी जुनी. 1907 मध्ये ब्रिटिश सरकारला दिलेल्या निवेदनापासून तिची नोंद आहे. सुभाष घिसिंग यांच्या गोरखा नॅशनल लिबरेशन फ्रंटने 1986 पासून वेगळ्या गोरखालँड राज्यासाठी आंदोलन उभारलं आणि पुढच्या दोन वर्षांत 1,200 हून जास्त माणसं मेली. 1988 च्या सुरुवातीला चाळीस दिवसांचा बंद झाला. त्याच वर्षी 22 ऑगस्टला केंद्र सरकार, बंगालचं सरकार आणि घिसिंग यांच्यात करार झाला आणि दार्जिलिंग गोरखा हिल कौन्सिल अस्तित्वात आली. या धामधुमीत गाडी सुमारे दीड वर्ष बंद राहिली. दीड वर्षाची धूळ झटकून ती निघाली तेव्हा तिच्या भवितव्याबद्दल रेल्वेतच शंका होती. तोटा मोठा, डागडुजी महाग, प्रवासी थोडे. मार्ग कायमचा बंद करावा, असं म्हणणारेही होते.

त्या काळात पर्यटन पुन्हा उभं करण्यासाठी हिल कौन्सिलने जे केलं त्यातल्या दोन गोष्टी आजही दार्जिलिंगच्या प्रत्येक टूरमध्ये दाखवतात: चुन्नू धबधब्याजवळची रॉक गार्डन आणि तिच्याखालचं गंगा माया उद्यान. वळणावळणाच्या भीतिदायक उतारावरून जीप खाली जाते, कारंजी आणि फुलांचे वाफे दिसतात, फोटो होतात आणि गाडी परत फिरते. गंगा माया हे नाव आंदोलनाच्या काळात पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्या एका निरपराध बाईचं आहे, हे फार थोड्या पर्यटकांना सांगितलं जातं. ते सांगितलं जावं, असं मला मनापासून वाटतं. जिथे माणसं गेली तिथेच पाहुण्यांसाठी बाग लावावी आणि बागेला मेलेल्या बाईचं नाव द्यावं, यात त्या लोकांचं दुःखही आहे आणि पुन्हा उभं राहण्याची इच्छाही आहे.

गाडीला वाचवलं ते मात्र वेगळ्या वाटेने. देशातले आणि बाहेरचे रेल्वेप्रेमी तिच्यासाठी झटू लागले. 1997 मध्ये इंग्लंडमध्ये दार्जिलिंग हिमालयन रेल्वे सोसायटी स्थापन झाली. भारतातही लेख लिहिले गेले, निवेदनं गेली, रेल्वे मंत्रालयाने मनावर घेतलं. डिसेंबर 1999 मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश इथल्या बैठकीत युनेस्कोने ही रेल्वे जागतिक वारसा यादीत घेतली. ऑस्ट्रियाच्या सेमरिंग रेल्वेनंतर हा मान मिळवणारी ती जगातली दुसरी रेल्वे. पुढे 2005 मध्ये निलगिरीची आणि 2008 मध्ये कालका-शिमल्याची रेल्वे तिच्या जोडीला आली. घूमला संग्रहालय उघडलं, डिझेल इंजिनं आली. 'आराधना'पासून ज्या गाडीशेजारी हिंदी सिनेमाची जीप धावली होती, तिच्यावर 'परिणीता' आणि 'बर्फी' यांनी पुन्हा कॅमेरे रोखले. दार्जिलिंग ते घूम आणि परत अशी दोन तासांची सैर सुरू झाली आणि तिला गर्दी लोटू लागली.

याच काळात महाराष्ट्रातून दार्जिलिंग-गंगटोकच्या टूर नेमाने निघू लागल्या. मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी. मुंबई-पुण्याहून विमानाने बागडोगरा, नाहीतर रेल्वेने न्यू जलपायगुडी, मग दोन रात्री दार्जिलिंग. पहाटे टायगर हिलवर कांचनजंगेवरचा सूर्योदय, दुपारी बतासिया, संध्याकाळी चौरस्ता. बतासियाला 1995 मध्ये गोरखा सैनिकांचं स्मारक उभं राहिलं आहे, आणि गाडी त्याला वेढा घालून जाते. मराठी घरांमधल्या कपाटांत त्या वळणावर काढलेले फोटो हजारोंनी असतील.

दरडींनी मात्र उसंत दिली नाही. जून 2010 मध्ये पगलाझोरा इथे डोंगर खचला आणि रूळ गेले. सप्टेंबर 2011 मध्ये सिक्कीमचा भूकंप आणि त्यापाठोपाठ तिनधरियाजवळ आणखी मोठी दरड. ती तर कारखान्याच्या पायथ्याशीच. मार्गाचे दोन तुकडे झाले. कारखाना खाली आणि सैरीची इंजिनं वर, अशी स्थिती. दुरुस्तीसाठी इंजिन ट्रकवर चढवून रस्त्याने न्यावं लागे. डिसेंबर 2015 मध्ये, पाच वर्षांहून जास्त काळाने, गाडी पुन्हा न्यू जलपायगुडीहून थेट दार्जिलिंगला पोचली.

त्यानंतर दीडच वर्ष मिळालं.

2017 च्या मे महिन्यात राज्यातल्या सर्व शाळांत बंगाली शिकवण्याची घोषणा झाली आणि पहाडात संताप उसळला. 8 जूनला दार्जिलिंगला राज्य मंत्रिमंडळाची बैठक भरली, बाहेर पोलीस आणि गोरखालँडचीच मागणी करणाऱ्या गोरखा जनमुक्ती मोर्चाचे कार्यकर्ते भिडले, गाड्या जळाल्या, लष्कराला पाचारण करावं लागलं. हा हंगामाचा शेवटचा भरगच्च पंधरवडा. हॉटेलं भरलेली होती. दुसऱ्या दिवसापासून माणसं सामान घेऊन रस्त्यावर उभी, आणि सिलिगुडीकडे उतरणाऱ्या बसगाड्यांत जागा नाही. 15 जूनपासून बेमुदत बंद सुरू झाला तो 27 सप्टेंबरच्या सकाळी सुटला. 104 दिवस. किमान अकरा माणसांचा जीव गेला. सुमारे शंभर दिवस इंटरनेट नव्हतं. दुर्गापूजेचा हंगाम हातचा गेला, कारण बंद सुटला तेव्हा पूजा सुरूही झाली होती. चहाचा दुसरा बहर झाडावरच जून झाला. दार्जिलिंगचं वर्षाचं पीक सुमारे 80 लाख किलोंचं, ते त्या वर्षी 32 लाखांच्या आसपास आलं. जगभरच्या गिऱ्हाइकांनी दुसरा चहा शोधला आणि त्यातले बरेच परत फिरले नाहीत.

या आंदोलनाकडे केवळ पर्यटकाच्या डोळ्यांनी पाहणं मला अन्यायाचं वाटतं. आपली भाषा, आपली ओळख, आपल्या जमिनीवरचा आपला शब्द यांसाठी माणसं रस्त्यावर आली होती, आणि भाषेच्या राज्यासाठी 106 हुतात्म्यांचं स्मारक उभारणाऱ्या मराठी माणसाला ही भावना परकी वाटू नये. पण स्थानकं जाळून काय मिळालं? सोनादा आणि गयाबाडीतून उतरणारी-चढणारी माणसं पहाडाचीच. रुळांवरचे खलाशी, फाटकवाले, तिनधरियाचे कारागीर पहाडाचेच. आग दिल्लीला किंवा कोलकात्याला लागली नाही. ती आपल्याच दारात लागली. आणि तरीही ज्यांनी ती लावली त्यांना ती स्थानकं आपली वाटली नसणार, हेही तितकंच खरं. 1881 ते 1950 या काळात रेल्वेला अशी आग लागल्याची नोंद माझ्या वाचनात नाही. तांदूळ आणि मुलं गाडीतून उतरल्याची किंमत मला इथे दिसते.

बंद सुटला, आणि पर्यटन आश्चर्य वाटावं इतक्या लवकर हललं. पहिले आले ते नेहमीप्रमाणे कोलकात्याचे. सुट्टी लागली की पहाड, ही बंगाली घरांची पिढ्यांची सवय बंदने मोडली नाही. मग गुजरात, महाराष्ट्र, दिल्लीकडच्या टूर. मार्च 2018 मध्ये राज्य सरकारने दार्जिलिंगमध्येच उद्योजकांची परिषद भरवली. पण माझ्या मते खरा बदल सरकारी मांडवात झाला नाही. तो गावांमध्ये झाला. ताकदा, तिनचुले, लामाहाटा, सितोंग अशा गावांतल्या होमस्टेंकडे बंदनंतर जास्त ओघ लागला. दार्जिलिंगच्या मोठ्या हॉटेलातला पैसा मालकाकडे जातो, आणि मालक बऱ्याचदा खालचा, समतलातला असतो. होमस्टेतला पैसा स्वयंपाकघरातच राहतो. ज्या घरात पाहुणे झोपले आहेत त्या घराला रस्ता चालू राहण्यात स्वतःचा स्वार्थ असतो. शांतता टिकवण्याचा मला माहीत असलेला सगळ्यात भक्कम उपाय हाच आहे.

गाडी मात्र एकदम उठली नाही. साडेतीन महिन्यांच्या पावसात रुळांवर माती, झाडझाडोरा, दगड. डोंगरातला रूळ एक पावसाळा बेवारस सोडला तर तो रूळ राहत नाही. पटरीवर काम करणाऱ्या टोळ्यांनी मैल मैल चालत तो मोकळा केला. आधी वरच्या टोकाच्या लहान फेऱ्या, मग लांबच्या, अशा क्रमाने ती सुरू झाली. जळालेली स्थानकं पुन्हा उभी केली गेली. दरम्यान युनेस्कोने मार्गाची नीट संरक्षण योजना करण्याचं काम हाती घेतलं होतं, आणि वारसा समितीने देखरेखीची हयगय, रुळालगतची अतिक्रमणं, कचरा यांबद्दल काळजीही कळवली होती. कर्सियांगच्या बाजारातून गाडी जाते तेव्हा दुकानाची फळी आणि डब्याची खिडकी यांत हातभर अंतर असतं. पर्यटकाला त्यात मौज वाटते. देखरेख करणाऱ्याला त्यात धोका दिसतो. दोघांचंही खरं आहे, आणि दुकानदाराला हुसकून हा प्रश्न सुटणार नाही, हेही खरं आहे.

मार्च 2020 मध्ये साथीने सगळंच थांबवलं. ऑगस्ट 2021 मध्ये न्यू जलपायगुडीची गाडी पुन्हा निघाली. त्याच हिवाळ्यात रेल्वेने घूम महोत्सव सुरू केला: स्थानकाच्या आवारात पहाडी गाणी, नाच, खाणं, मुलांच्या स्पर्धा. मला या साऱ्या सावरण्यात हे पाऊल सर्वांत मोलाचं वाटतं. स्थानकाच्या आवारात गावाला बोलावलं, आणि गाव आलं. काचेच्या छताचे डबे, जास्तीच्या सैरी, वाफेच्या इंजिनाच्या खास फेऱ्या यांनी उत्पन्न वाढलं. महोत्सवाने मिळवलेलं पैशात मोजता येत नाही, पण पुढचा बंद आला तर स्थानकावर पेटती मशाल घेऊन येणाऱ्याला अडवायला त्याच गावातली माणसं उभी राहतील की नाही, हे अशा दिवसांतूनच ठरतं.

2024 च्या पावसाळ्यात दरडींमुळे लांब पल्ल्याची गाडी पुन्हा थांबली आणि नोव्हेंबरात सुरू झाली. सैरी बहुतेक काळ चालूच होत्या. या एका वाक्यात आजची अडचण आहे. दार्जिलिंग-घूम सैर गर्दी खेचते, तिकीट महाग असून भरते, हिशेबात शोभून दिसते. खालची साठ-सत्तर किलोमीटर, सुकनाचं जंगल, रंगटंग, चुनाभट्टीचं वळण, तिनधरियाचा कारखाना, गयाबाडी, महानदी, कर्सियांग, सोनादा, यांच्या वाट्याला दिवसाकाठी मोजक्या गाड्या येतात, आणि पाऊस जास्त झाला की त्याही नाहीत. पण जळालेली स्थानकं याच खालच्या भागातली होती. ज्या भागात गाडी क्वचित दिसते तिथेच तिच्याबद्दलचा परकेपणा वाढतो. रेल्वेने जर वरच्या सैरीच्या नफ्यावर समाधान मानलं, तर दार्जिलिंगचं पर्यटन सावरलेलं राहील आणि दार्जिलिंगची रेल्वे हळूहळू आठ किलोमीटरची जत्रेतली गाडी होईल.

म्हणून माझं रेल्वेकडे एक मागणं आहे. कर्सियांग ते दार्जिलिंग रोज सकाळी वर आणि संध्याकाळी खाली, शाळेच्या वेळेला, साध्या पॅसेंजरच्या भाड्यात, एक गाडी कायम चालवावी. पूर्वी अशी गाडी होती. तिच्यात मुलं दप्तरं घेऊन चढायची आणि वळणावर उतरून चालत्या गाडीत पुन्हा चढायची. ती तोट्यात जाईल. तोटा रेल्वेने सोसावा, कारण स्थानकाची राखण करायला पोलीस ठेवण्यापेक्षा स्थानकावर रोज शाळकरी मुलं उतरलेली बरी.

आणि मराठी प्रवाशांकडेही एक मागणं आहे. दार्जिलिंगच्या दोन रात्रींत रेल्वेला दोन तास देऊन परत येऊ नका. निदान एकदा खालून वर या. दिवस जाईल, पाय आखडतील, पण सुकनाच्या सागवनातून सुरू होऊन घूमच्या धुक्यात संपणारा हा प्रवास जीपच्या खिडकीतून दिसत नाही. कर्सियांगला उतरून रात्र काढा, तिथल्या घरात जेवा, तिनधरियाचा कारखाना बाहेरून तरी बघा, सोनादाच्या फलाटावर चहा घ्या आणि तिथल्या माणसांशी 2017 बद्दल बोला, म्हणजे त्यांचं ऐका. पावसाळ्याचे महिने टाळा, तेव्हा गाडीचा भरवसा नसतो. न्यू जलपायगुडीहून दार्जिलिंगची गाडी सकाळी सुटते आणि तिचं आरक्षण नेहमीच्या रेल्वे आरक्षणासारखंच घरबसल्या होतं. पुढच्या सुट्टीत ते आधी करा, हॉटेलचं नंतर.